भाद्रपदातली दह्याची गोळी

माझ्या धाकट्या जावेनं हट्टानं औषध मधेच सोडलं आणि मरता मरता वाचली, अशी गोष्ट आमच्या घरात सांगतात. आल्यागेल्याला सांगतात. तिचा मुलगा सांगतो, सून सांगते, आणि ती स्वतः मान खाली घालून ऐकते. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी मला ठाऊक आहे, कारण ती माझ्या हातून झाली.

ग्वाल्हेरला शिंदे की छावनीत आमचं दोन मजली घर आहे. खाली मी एकटी, वर ती, तिचा मुलगा आणि सून. दोघींचे नवरे गेले, माझा आधी, तिचा नंतर. मला मूल नाही. तिला एक मुलगा, बँकेत आहे, त्याचेही केस आता पिकलेत. घराणं फौजेतलं. आजेसासरे घोड्यावर बसत होते म्हणतात. त्यांच्या दोन नातवांपैकी एकानं पोस्टात टपाल वाटलं, एकानं वीज मंडळात मीटर वाचले. पोस्टातला माझा.

नेमधर्म आमच्या घरात बेताचाच होता. धाकटी आली ती तो माहेरून घेऊन आली. देवासची ती. तिच्या वडिलांनी जन्मभर चातुर्मास पाळला, आणि मुलीनंही पाळला. श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही, कार्तिकात डाळ नाही. दही नाही म्हणजे ताकसुद्धा नाही. पितृपक्षात श्राद्धाला कढी लागते, ती धाकटीच करायची, चव न घेता वाढायची, आणि मीठ कधी चुकायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून एकही साल तिनं मोडलं नव्हतं. मुलगा पोटात होता तेव्हाही नाही.

मी यातलं काही पाळत नाही. मी चौथी शिकले आणि मग घरकामाला लागले. देवाला माझ्याकडून कामच हवं असेल असं समजून चालले. यावरून आमच्या दोघींत जन्मभर टोमणे चालत. भांडण नव्हे, टोमणे. मी आषाढीला कांदा चिरला की ती वरून म्हणायची, "जाऊबाई, वास जिन्यानं वर येतोय हो." मी म्हणायची, "मग तेवढा तरी खा. वासानं उपास मोडत नाही." आम्हाला त्याची सवय होती. सवय होती म्हणूनच मला कळलं नाही की कुठल्या दिवशी थांबावं.

तीन वर्षांपूर्वी तिचं पोट दुखायला लागलं. पोट रिकामं असलं की दुखायचं, दोन घास खाल्ले की थांबायचं, मग पुन्हा. ती ओवा चावायची, सोडा प्यायची. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी तर वर्षानुवर्षं चालूच होती. उन्हाळ्यात तिचे ब्लाउज सैल झाले. मी म्हटलं, "शिवायला दे नाहीतर डॉक्टरकडे जा, दोन्हीतलं एक कर." तिनं शिवायला दिले.

गणपतीत ती मोदक वळता वळता पाटावरून उठली आणि भिंतीला पाठ लावून बसली. तोंडावर घाम. तेव्हा मुलानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. तोंडातून नळी घालून पोट आतून पाहिलं. सून शाळेत शिकवते, तिला रजा नव्हती, म्हणून बरोबर मी गेले.

मला आजवर वाटत होतं, अल्सर तिखटानं होतो, नाहीतर काळजीनं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पडद्यावर एक चित्र दाखवलं, लाल कातडीवर मधोमध पांढरा खड्डा. म्हणाल्या, "माताजी, ये घाव है. और इसमें बैक्टीरिया बैठा है, वही इसको भरने नहीं देता. घुटने की गोली आज से बंद. ये दवा चौदह दिन. एक भी खुराक नहीं छूटनी चाहिए."

धाकटीनं विचारलं, "और छूट गयी तो?"

"तो कीटाणु मरेगा नहीं, पक्का हो जाएगा. फिर यही दवा उस पर चलेगी नहीं. और घाव से ख़ून भी आ सकता है, इस उमर में वो मामूली बात नहीं है."

मग त्यांनी मला आणि मुलाला समजावलं. जंतू मारायच्या दोन गोळ्या, ॲसिड कमी करणारी एक. या औषधांना भलंबुरं कळत नाही, पोटातले चांगले जंतूही ती मारतात, म्हणून पुष्कळांना जुलाब होतात, तोंड कडू होतं, मळमळतं, आणि लोक कंटाळून मधेच सोडतात. त्यासाठी बरोबर एक कॅप्सूल, चांगल्या जंतूंची. मुलगा म्हणाला, "प्रोबायोटिक." डॉक्टर म्हणाल्या, "हाँ. इलाज ये नहीं है, इलाज वो दोनों हैं. ये बस निभाने में मदद करेगी." पहिल्या गोळ्यांनंतर दोन तासांनी घ्यायची. मला ते पटलं. आमच्याकडे नव्या सुनेबरोबर पाठराखीण पाठवायचे, तसंच हे.

पडाव भागातल्या दुकानातून औषधं घेतली. दुकानदारानं कॅप्सूलचं पाकीट वेगळं दिलं. म्हणाला, "अम्मा, इसको फ्रिज में रखना. दही वाले कीटाणु हैं, गरमी में मर जाते हैं." धाकटी तेव्हा रिक्षात बसली होती. तिनं ऐकलं नाही. मी ऐकलं आणि मुलानं ऐकलं.

वरचा फ्रिज त्या आठवड्यात बंद पडला होता, म्हणून पाकीट माझ्या फ्रिजमध्ये ठेवायला तो खाली आला. दार उघडून दुधाच्या भांड्यामागे ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, आईला सांगू नका यात काय आहे ते. भाद्रपद चालू आहे. मी तिला ताकदीची गोळी म्हणून सांगितलंय. वो नहीं लेगी, पता है ना आपको."

मी म्हटलं, "मला काय करायचंय?"

"नाही, तुमचं तोंड..." एवढं म्हणून तो हसला.

मीही हसले.

विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी पौर्णिमेला औषध सुरू झालं. ती सकाळ-संध्याकाळ जिना उतरून माझ्याकडे येई. मी फ्रिजमधून कॅप्सूल काढून देई, ती उभ्यानं पाण्याबरोबर गिळी, आणि मग जरा बसे. पहिले तीन दिवस तिला काही त्रास झाला नाही. तोंड कडू झालं म्हणाली, एवढंच. पोटातली आग कमी झाली म्हणाली. तिसऱ्या दिवशी तर वरून तिच्या गुणगुणण्याचा आवाज आला. बरं वाटलं. लिहायला हरकत नाही, मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी दही-पोहे खात बसले होते. शेजारच्या भाभी आल्या होत्या, चकलीचा सोऱ्या परत द्यायला. हिंदी बोलणाऱ्या त्या, पण पस्तीस वर्षं शेजार आहे, मराठी सगळं समजतं. तेवढ्यात धाकटी जिन्यावरून आली. माझी ताटली बघितली आणि नेहमीसारखी म्हणाली, "जाऊबाई, पितृपक्ष लागला, भाद्रपद आहे. निदान चारचौघांत तरी जिभेला आवर घाला."

रोजचाच टोमणा. भाभींसमोर म्हणाली एवढंच. मला झोंबलं. का झोंबलं ते आज सांगता येत नाही. मी चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, "मला सांगतेस? तू तर चार दिवस सकाळ-संध्याकाळ दहीच गिळते आहेस."

ती म्हणाली, "काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. त्या गोळीत दह्यातलेच जंतू आहेत. विचार तुझ्या लेकाला. म्हणून तर फ्रिजमध्ये ठेवतात." आणि मी भाभींकडे वळून हिंदीत सांगितलं, म्हणजे त्यांनीही हसावं, "भाभी, इनका दही का नेम तो कब का टूट गया. कैप्सूल में भरके खा रही हैं."

मी हसले. मोठ्यानं हसले. माझं हसणं घोगरं आहे, रस्त्यापर्यंत जातं.

भाभी जरा हसल्या. पण त्या चांगल्या बाई आहेत, धाकटीचा चेहरा त्यांनी बघितला. लगेच म्हणाल्या, "अरे तो क्या हुआ? हमारे यहाँ तो पूनो को भादों निकल गया, क्वार लग गया. आपने तो पूनो से ही शुरू की ना? फिर काहे का दोष?"

हे इथलं समजावून सांगायला हवं. पूनो म्हणजे पौर्णिमा, क्वार म्हणजे आश्विन. इथल्या हिंदी लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. म्हणून शेजारणीचा महिना आमच्या पंधरा दिवस पुढे असतो. आम्ही मराठी माणसं इतकी वर्षं ग्वाल्हेरला राहून या पंधरा दिवसांचा सोयीनं उपयोग करत आलोय. श्रावणात कुणाकडे मटणाचं जेवण असलं की आमचे पुरुष म्हणायचे, आमचा श्रावण अजून लागला नाही. आणि महिना सरत आला की म्हणायचे, इथल्या लोकांचा संपला. सगळे करतात, सगळे हसतात. म्हणजे भाभींनी जो दरवाजा दाखवला तो काही नवा नव्हता. धाकटीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या घरात थोरली मी. मी नुसतं 'हो, खरंच की' म्हटलं असतं तर तिनं ते धरलं असतं. तिला धरायचं होतं. तिच्या तोंडावर मला ते स्पष्ट दिसलं.

मी म्हटलं, "तो तुमचा संपला, भाभी. हिचा अमावास्येपर्यंत आहे. ही देवासची, हिचं पंचांग पक्कं असतं."

धाकटी जिना चढून गेली. भाभी सोऱ्या ठेवून निघाल्या, दारात म्हणाल्या, "दीदी, नहीं कहना था." मी म्हटलं, "हमारा तो रोज़ का है."

संध्याकाळी ती कॅप्सूल घ्यायला खाली आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली नाही. मी फ्रिज उघडून पाकीट बघितलं, सात गोळ्या गेलेल्या, पुढच्या तशाच. मला कळलं. मला वाटलं, रुसली आहे, येईल. मीही रुसून बसले. माझ्या मनात असं होतं की बाकीची औषधं घेतेच आहे, डॉक्टरच म्हणाल्या होत्या की ही गोळी म्हणजे इलाज नव्हे. मी ते वाक्य सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं.

सातव्या-आठव्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. वरच्या मोरीचं दार सारखं वाजत होतं, मला खाली ऐकू येत होतं. त्यात दशमीला तिच्या नवऱ्याची तिथी. श्राद्धाचा स्वयंपाक ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे. आंघोळ करून, ओल्या केसांनी, कुणाला न शिवता करायचा. ज्या बाईला तासाला मोरीत जावं लागतं तिनं सोवळ्यानं खीर कशी ढवळायची? नवमीच्या सकाळी तिनं सगळ्याच गोळ्या बंद केल्या. मुलाला सांगितलं नाही. तो विचारायचा, "आई, दवाई?" आणि ती म्हणायची, "घेतली."

दशमीला ती सकाळपासून उभी होती. वडे, खीर, आमसुलाची चटणी, कढी, सगळं केलं. मी वर जेवायला गेले. कढी नेहमीसारखी. मी म्हटलं, "बरं वाटतंय ना?" ती म्हणाली, "तुम्हाला काय कमी-जास्त वाढू?" एवढंच बोलली. मग गुडघे सुजले, म्हणून तिनं जुनी दुखण्याची गोळी शोधून काढली आणि घेतली. हे नंतर कळलं.

अमावास्या झाली, तिचा भाद्रपद संपला, तरी ती औषधाकडे वळली नाही. पोट दुखत नव्हतं म्हणे. पुढे नवरात्राचा उपास धरला. पाचव्या माळेला सकाळी सून शाळेत, मुलगा बँकेत. वर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी जिना चढून जाईपर्यंत किती वेळ लागला असेल ते माझ्या गुडघ्यांना विचारा. ती मोरीच्या उंबऱ्यावर पडली होती. कपडे काळे झाले होते, डांबरासारखे. वास लोखंडासारखा. डोळे उघडे होते. म्हणाली, "जाऊबाई, साडी बदलून द्या आधी. मुलगा येईल."

मी साडी बदलली नाही. भाभींना हाक मारली. त्यांच्या मुलाच्या गाडीतून नेलं.

तिला रक्त चढवलं. पुन्हा नळी घातली, आतून ती रक्तवाहिनी बंद केली. दोन दिवस डॉक्टर आशेचं काही बोलायला तयार नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्या खाटेशी आल्या, कागद बघत. मुलगा एका बाजूला, मी पायाशी स्टुलावर.

"माताजी, दवा पूरी की थी?"

धाकटी चादरीची कड दुमडत राहिली.

"बीच में छोड़ी ना? क्यों छोड़ी? और वो कैप्सूल दी थी, वो भी नहीं ली?"

मुलानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "काकू, वो तो आपके फ्रिज में थी. तुम्ही आईला काही बोललात का?"

मी म्हटलं, "मी कशाला बोलू?"

माझ्या तोंडातून ते इतकं चटकन आलं की मलाच आश्चर्य वाटलं. जन्मभर मी स्पष्ट बोलणारी म्हणून ओळखले गेले. लोक माझ्यापुढे जपून असत, कारण ही बाई तोंडावर खरं सांगते. आणि जिथं एकदा खरं सांगायची गरज होती तिथं मी एका दमात खोटं बोलले.

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. उशीवर डोकं तसंच, फक्त डोळे. मग डॉक्टरांना म्हणाली, "मेरी ही गलती है. जी ऊब गया था, छोड़ दी."

"आप लोग ना!" डॉक्टर म्हणाल्या. "चौदह दिन की बात थी."

त्या संध्याकाळी भाभींच्या मुलानं मला घरी सोडलं. मी फ्रिज उघडला. पाकीट दुधाच्या भांड्यामागे तसंच होतं. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकलं. आपण काय करतोय ते मला पुरतं कळत होतं.

दुसऱ्या वेळचं औषध आणखी कडक होतं. पहिलं आता त्या जंतूवर चालेल याचा भरवसा नाही, डॉक्टर म्हणाल्या. रोजच्या गोळ्याच गोळ्या. जीभ काळी व्हायची, परसाकडेही काळं व्हायचं, आणि मुलगा घाबरून डॉक्टरांना फोन करायचा. त्या म्हणायच्या, घाबरू नका, औषधाचा रंग आहे. मुलानं रजा घेतली आणि एक एक खुराक स्वतःच्या हातानं दिली. कॅप्सूलही. ती आश्विनात त्याच्या हातून मुकाट्यानं दह्याचे जंतू घेत होती, वर दुधाचा पेलाही, आणि आश्विनात दूध नसतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. 

मी एकदा डॉक्टरांना एकटीनं विचारलं, पहिल्या वेळी ती कॅप्सूल घेतली असती तर हे टळलं असतं का? त्या म्हणाल्या, "अम्मा, पक्का कोई नहीं कह सकता. कैप्सूल लेके भी कुछ लोगों को दस्त लगते हैं. पर हाँ, कम लगते हैं, तो लोग दवा पूरी कर लेते हैं." म्हणजे मला कधीच कळणार नाही. मला पूर्ण दोष मिळाला असता तर एक वेळ बरं झालं असतं. हे असं अधांतरी राहिलं.

महिन्यानं तपासणी झाली. जंतू गेला होता, जखमही भरत आली होती. मुलानं जलेबी आणली. धाकटीनं एक तुकडा खाल्ला.

पण त्यानंतर तिचं घरातलं काही तिचं राहिलं नाही. मुलगा भ्याला होता, त्याला मी दोष देत नाही. त्यानं सांगितलं, आता उपास नाही, नेम नाही, श्राद्धाचा स्वयंपाक नाही. तिथीला दाल बाजारच्या पलीकडून एक बाई येतात, त्या सगळं करून जातात. पुढच्या भाद्रपदात सुनेनं तिच्या ताटात वाटीभर दही ठेवलं. मुलगा समोर बसला होता. तिनं ते भातावर घेतलं, कालवलं आणि खाल्लं. मी पलीकडे बसले होते. मला पन्नास वर्षं हेच बघायचं होतं असं कुणी म्हटलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. पण मला तो घास बघवला नाही.

आता ती माझ्या कांद्याच्या वासाबद्दल काही म्हणत नाही. दुपारी खाली येते, बसते, भाजी निवडून देते. पण टोमणा नाही. मी मुद्दाम एकादशीला कांदे चिरले. ती म्हणाली, "बारीक चिरलेत, छान."

गेल्या हिवाळ्यात आम्ही ओट्यावर उन्हात मेथी निवडत होतो. दोघीच. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं ते."

तिनं विचारलं नाही की काय झालं. मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत त्याचं काही नव्हतं. मला संशय होताच. ताकदीची गोळी फ्रिजमध्ये कोण ठेवतं? औषधाला दोष नसतो, एवढं मलाही कळतं, जाऊबाई. मी घेतली असती."

"मग का सोडलीस?"

"तुम्ही हसलात म्हणून."

मी मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली.

ती म्हणाली, "भाभींनी सुद्धा वाट काढून दिली होती. तुम्ही तीही बंद केलीत. त्यानंतर मी गोळी घ्यायला खाली आले असते तर तुम्ही फ्रिजचं दार उघडून पुन्हा हसला असतात. नसतात का हसला?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "हसले असते."

"तेच," ती म्हणाली, आणि देठं गोळा करून उठली.

मुलाला मी या पावसाळ्यात सांगितलं. तो बँकेत जायला बूट घालत होता. मी सगळं सांगितलं, भाभींच्या देखत काय बोलले ते, दवाखान्यात खोटं बोलले ते, पाकीट टाकलं तेही. त्यानं एक बूट हातात धरून ऐकलं. मग म्हणाला, "काकू, अब छोड़ो ना. इतक्या जुन्या गोष्टी. आई ठीक आहे ना?" आणि गेला. मला वाटलं होतं तो रागावेल. त्याच्या रागाची मी तयारी केली होती. तो रागावलाच नाही, कारण त्याच्या मनात गोष्ट केव्हाच ठरून गेली होती.

चार दिवसांनी त्याच्या सासरची माणसं आली. चहा झाला, तब्येतीच्या गोष्टी निघाल्या, आणि त्यानं पुन्हा तेच सांगितलं. "आमच्या आईची ज़िद. डॉक्टरांनी चौदा दिवस सांगितले, हिनं नऊ दिवसांत सोडलं. भाद्रपद आहे म्हणे!" सगळे हसले. धाकटी मान खाली घालून बशीवर बोट फिरवत होती.

मी म्हटलं, "ज़िद नव्हती ती. मी..."

"जाऊबाई," ती म्हणाली, "चहा गार होतोय तुमचा."

आवाज चढला नव्हता, पण मी थांबले. पाहुण्यांनी विचारलं, आता खाण्यापिण्याचा त्रास नाही ना? ती म्हणाली, नाही, सगळं खाते.

ते गेल्यावर मी कप उचलायला लागले. तिनं माझ्या हातातून ट्रे घेतला. म्हणाली, "पुन्हा चारचौघांत कशाला काढता? एकदा चारचौघांत काढलंत तेवढं पुरे झालं."

मी म्हटलं, "मग तुझ्यावर आळ राहतो तो?"

"राहू दे. मी त्याला सरावले. तुम्हाला फारच जड होत असेल तर लिहून टाका कुठे. नाव घालू नका. वाचणाऱ्याला मी ठाऊक नाही." आणि ट्रे घेऊन आत गेली.